बुटासकट माप

आमच्या दुकानात माणसं दुखरा अवयव दाखवत यायची आणि तोच अवयव कागदात गुंडाळून घेऊन जायची. कुणी दारात उभा राहून कान धरून कण्हायचा, कुणी डोळ्याला हात लावून दाखवायचा, कुणी नुसताच गुडघा पुढे करायचा. श्रीरामपुरातले नवे शेजारी सुरुवातीला आम्हाला वैदू समजायचे. आम्ही वैदू नव्हतो, मेणवाले होतो. मतमाउलीच्या टेकडीवर नवस फेडायला लागणाऱ्या मेणाच्या वस्तू आणि मेणबत्त्या करणं हा आमचा धंदा, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून हात थरथरायला लागेपर्यंत मी तो केला.

मतमाउली म्हणजे येशूची आई मारिया. आमच्या भागात तिला सगळे याच नावानं ओळखतात, ख्रिस्ती आणि हिंदूसुद्धा. मुंबईकरांना वांद्र्याचा डोंगर आहे, मोठं देऊळ आहे, समोर समुद्र आहे. आमची टेकडी त्यामानानं गरीब. सकाळच्या एसटीनं निघालं की जेवणाच्या वेळेला पायथ्याशी पोचायचं, मग दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना बाभळी, वर लहानसं चर्च आणि खाली पसरलेले उसाचे फड. पण सप्टेंबरातल्या यात्रेला या टेकडीवर मुंगीला वाट मिळायची नाही. माझे सासरे तरुणपणी वांद्र्याला एका साहेबाकडे स्वयंपाकाला होते. तिथे डोंगराखाली मेणाचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याशी त्यांची दोस्ती झाली, आणि नोकरी सोडून गावी परतले तेव्हा ट्रंकेत कपड्यांऐवजी साचे भरून आणले. सासूबाई शेवटपर्यंत त्या ट्रंकेचा उद्धार करायच्या.

साचे प्लास्टरचे, दोन फाळ्यांचे. फाळ्या सुतळीनं आवळायच्या, वरून पातळ मेण ओतायचं, साचा हलवून मेण सगळीकडे फिरवायचं आणि उरलेलं परत कढईत. थंड झालं की फाळ्या सोडायच्या, आत पोकळ हात किंवा पाय तयार. हात, पाय, डोळे, कान, काळीज, बाळ, घर आणि गाय, एवढे साचे आमच्याकडे होते. पोटाचा नव्हता, आणि पोटदुखीवाले मात्र सगळ्यात जास्त. शेवटी माझ्या नवऱ्यानं, सायमननं, तोड काढली. बाळाच्या साच्यातून बाळ काढायचं, गरम सुरीनं त्याचं डोकं आणि हातपाय उतरवायचे, उरेल ते पोट. मला ते बघवायचं नाही, पण गिऱ्हाइकं खूश असायची. एका शाळामास्तरांनी तेवढी हरकत घेतली. स्वतःच्या ढेरीवरून हात फिरवत म्हणाले, "बाई, एवढ्याशा पोटावरून तिला माझी ओळख कशी पटायची?"

राहुरीकडच्या एका शेतकऱ्याला म्हैस हवी होती. म्हशीचा साचा नाही म्हटल्यावर तो आमच्या चुलीपाशी बसला, मेणाची गाय घेतली, तिची शिंगं गरम करून मागे वळवली आणि म्हैस म्हणून घेऊन गेला. पुढच्या यात्रेला तक्रार घेऊन हजर. म्हैस बरी झाली होती, पण दूध पातळ द्यायला लागली होती. "तुमी साचा गाईचा वापरला, त्याचा हा परिनाम," असं तो चार लोकांत म्हणाला. सायमन बिचारा त्याची माफी मागायला निघाला होता. मी मध्ये पडले आणि विचारलं, हल्ली दूध कोण काढतं? म्हणाला, धाकटी सून. मग मी कोपऱ्यातल्या पाण्याच्या हंड्याकडे बघितलं आणि तो टोपी सारखी करून निघाला.

यात्रा संपली की टेकडीवरचं मेण पोत्यांतून परत आमच्याकडे यायचं. कढईत हात, पाय, घरं, बाळं सगळं एकत्र वितळायचं आणि त्याच्या रविवारच्या साध्या मेणबत्त्या व्हायच्या. बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंसंच होतं. मला नाही झालं कधी. इतक्या लोकांची दुखणी एका कढईत विरघळताना पाहून बरंच वाटायचं.

पण आमच्या कामाची खरी शान म्हणजे उंचीची मेणबत्ती. आईनं नवस बोलायचा की माझं लेकरू बरं होऊ दे, त्याच्या उंचीची मेणबत्ती लावीन. मग माप घ्यायचं. ते टेपनं नाही. जी वात मेणबत्तीत जाणार, त्याच सुतानं घ्यायचं. मी टाचेपाशी सूत धरायचं, नवस बोलणाऱ्यानं माथ्यापाशी धरायचं आणि तिथे गाठ मारायची. ती गाठ मेणबत्तीच्या टोकाला येते आणि पहिल्यांदा पेटते. बाकी मेण कुणाचंही असो, वात त्या माणसाची. अशी मेणबत्ती साच्यात होत नाही. वात उंच टांगायची, खाली दगड बांधून ताणायची आणि पळीनं वरून मेण सोडायचं. एक थर सुकला की दुसरा, सारखी वात फिरवत. घाई केली की फुगवटे येतात, आळस केला की वाकते. आमची एकही वाकली नाही, हे मी आज सांगू शकते. आता कारखान्यातल्या नळीसारख्या मेणबत्त्या मिळतात, सगळ्या एकाच मापाच्या. लहान बाळाला तीच आणि धिप्पाड माणसाला तीच. लोकांना चालतं. मला अजून रुचत नाही.

ठकूबाई आमच्याकडे आल्या त्या दुष्काळाच्या वर्षी, श्रावणात. पाऊस नव्हताच. कोल्हारच्या बाई, शेतकरी घरातल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा अंबादास फौजेत. आदल्या डिसेंबरातल्या लढाईत तो जखमी झाल्याची तार आली. तारेत एवढंच. कुठे लागलं, किती लागलं, काही नाही. बाईंनी त्याच दिवशी दोन नवस बोलून टाकले. मुलगा जिवंत घरी आला तर गावच्या भगवतीला लुगडं आणि मतमाउलीला त्याच्या उंचीची मेणबत्ती.

"दोघींना का?" मी विचारलं.

"एकीचं ध्यान नसलं तर दुसरीचं आसंल," त्या म्हणाल्या. "भगवतीचं लुगडं नेसवून झालं. आता माउलीचं ऱ्हायलंय."

"म्हणजे आला ना मुलगा?"

"आला," त्या म्हणाल्या. "पर आल्यावानी न्हाई आला."

मग बसून त्यांनी सांगितलं. सुरुंगावर पाय पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली नाही. पुण्याच्या दवाखान्यात कित्येक महिने काढून उन्हाळ्यात तो घरी आला. सरकारनं लाकडी पाय दिला होता, बुटासकट, त्यावर चालायला शिकवलंही होतं. घरी आल्यावर त्यानं तो पोत्यात बांधून माळ्यावर टाकायला लावला आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला, तो पडलाच. गरजेपुरतं कुबडी घेऊन परसात जायचा, परत येऊन पडायचा.

"हूं की चूं करीत न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. "वाढलं का जेवतो. परवा म्या मुद्दाम भाजीत मीठ घातलं न्हाई. म्हटलं, रागानं तरी बोलंल. तशीच खाल्ली."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत, पण पदर मात्र सारख्या पिळत होत्या. मला माझी पोरं आठवली.

"म्या काय म्हन्ते, रोजाबाई," त्या जरा पुढे सरकल्या. "तुमी घरी या आन त्याला सांगा, का माप उभ्यानंच घ्यावं लागतंय. दोनी पायांवर. नियमच हाय म्हना."

असा काही नियम नव्हता. तान्ह्या बाळांचं माप आम्ही पाळण्यात घ्यायचो, आजाऱ्यांचं अंथरुणावर. मी तसं म्हटलं.

"मला म्हाईत न्हाई व्हय? माझ्या सासूचं माप तुमच्याच सासऱ्यानं बाजंवर घेतलं हुतं. पर त्याला कुठं म्हाईत हाय? तो फौजेतला मानूस. नियम म्हटलं का ऐकंल. एकदा उभा ऱ्हायला ना, का त्याचं त्यालाच कळंल." आणि मग खालच्या आवाजात, "असाच पडून ऱ्हायला तर माझ्या माघारी त्याचं कसं व्हायचं?"

सायमन आतून ऐकत होता. त्याला खोटं बोलता येत नाही. बोलायला लागला की कानांच्या पाळ्या लाल होतात आणि लहान पोरालाही कळतं. म्हणून मी त्याला दुकानात ठेवलं आणि सुताचं बंडल पिशवीत टाकून एकटीच कोल्हारला गेले.

घर नीटनेटकं होतं. अंबादास बाजेवर भिंतीकडे तोंड करून. पाठ रुंद, उंची चांगली, केस अजून फौजी कापाचे. ठकूबाईंनी मला पाणी दिलं आणि मोठ्यानं, शिकवल्यासारखं म्हणाल्या, "ह्या मेनबत्तीवाल्या बाई. तुझं माप घ्यायला आल्यात."

"घ्या," तो भिंतीशी बोलला.

"उभं राहावं लागेल," मी म्हणाले. "दोन्ही पायांवर. उंचीच्या मेणबत्तीचा नियम आहे." आवाज जरबेचा लावला होता.

बाहेर कोंबडी कलकलत होती. मग तो हळूच वळला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "माझ्या आजीचं माप झोपवून घेतलं हुतं, मावशी. सूत म्याच धरलं हुतं, तिच्या पायापाशी."

ठकूबाई एकदम चुलीकडे वळल्या आणि विझलेली चूल फुंकायला लागल्या. मी एकटी उघडी पडले. खोटं सापडलं की माणसानं निघून जावं, पण मी बोलून गेले.

"तुझी आजी आजारी होती. तू आजारी आहेस का?"

बोलल्यावर मलाच भीती वाटली. लढाईत पाय गमावून आलेल्या माणसाला कुणी असं विचारतं? त्याच्या डोळ्यांत राग आला, तो मला दिसला, आणि तो कुठे जातो ते बघत मी उभी राहिले.

"न्हाई," तो म्हणाला. मग आईला म्हणाला, "माळ्यावरचं पोतं काढ."

ठकूबाईंचं वय बघता त्या शिडीवर ज्या वेगानं चढल्या, ते बघण्यासारखं होतं.

पट्टे कडक झाले होते. त्यानं ते तेलाच्या बोटांनी मऊ केले, एकेक बक्कल लावलं. मी दाराकडे तोंड करून उभी होते, कारण अशा वेळी बघू नये एवढं कळत होतं. बाजेची कुरकुर ऐकू आली, मग कुबडीचा आवाज. वळले तर तो उभा होता, एका हातानं खांब धरून.

मी सूत सोडलं आणि सवयीनं म्हणाले, "बूट काढ. माप अनवाणी घेतात."

"हा पाय बुटाच्या टाचंच्या हिशेबानं केलाय," तो म्हणाला. "बूट काढला का मी मागं जातो."

"मग बुटासकट चालेल."

"तसा नियम हाय का?"

"आत्ताच केला."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मी खाली बसले. मग तोच म्हणाला, "कुठल्या टाचंपासून धरनार?"

"ज्या टाचेवर उभा आहेस तिच्यापासून."

त्यानं खांब सोडला. मला त्याचे दोन्ही बूट दिसत होते. आधी डाव्याला नुसताच टेका होता, मग त्यावर वजन आलं आणि चामडं करकरलं. "दोनीवर हाय," तो वरून म्हणाला. ठकूबाई पाटावर चढून टाचा उंचावून त्याच्या माथ्यापाशी सूत धरत होत्या आणि तेवढ्या उंचीवर गाठ काही बसेना. मी घाई केली नाही. खरं सांगायचं तर तो पडेल या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता, पण तो उभा आहे तोवर उभा राहू दे, असंही वाटत होतं.

गाठ बसली. तो बाजेवर टेकला, कपाळाचा घाम पुसला आणि आईकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी भाजी आळनी हुती."

तेव्हा ठकूबाई रडल्या. पाटावरच बसून रडल्या.

ती मेणबत्ती करताना आम्हा दोघांचा पिट्टा पडला. फौजी माणूस, वर बुटाची टाच. वातीला आमचं छत पुरेना, म्हणून एक पत्रा सरकवून वर दांडा बांधला आणि सायमन टेबलावर स्टूल ठेवून त्यावरून मेण सोडायला लागला. त्या वर्षी उकाडा असा की थर वाळेना. विहिरी आटलेल्या, तरी शेजारणींनी घागरीतलं पाणी दिलं आणि आम्ही भोवती ओली पोती टांगली. फळीवर लाटून गुळगुळीत केली तेव्हा सायमन म्हणाला, "एवढ्यासाठी मला खोटं बोलायला लावलं असतंस तरी चाललं असतं." लाल कान मला तेव्हाच दिसले, म्हणजे हेही खोटंच होतं.

यात्रेला आम्ही ती ओल्या घोंगडीत गुंडाळून एसटीत घातली, मधल्या वाटेत आडवी. कंडक्टरनं लांबी बघितली आणि गंभीरपणे विचारलं, "हे लगेज की पॅसेंजर?" मागच्या बाकावरून अंबादास म्हणाला, "पॅसेंजर. फौजेतला." ठकूबाई त्याच्या शेजारी नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांनीच त्याला आणलं होतं. नवस फेडायचा तर ज्याची मेणबत्ती त्यानंच ती वर धरावी लागते, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. नियम करायची त्यांना आता गोडी लागली होती. पायथ्याशी त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "हा बी नियम हाय?"

"हा तुझ्या आईचा आहे," मी म्हणाले. "माझा नाही."

चढायला वेळ लागला. एका हाताखाली कुबडी, दुसरा हात आईच्या खांद्यावर, आणि दर थोड्या पायऱ्यांनी थांबायचं. आपल्या हौसेपायी या पोराला पाडते की काय, असं माझ्या मनात सारखं येत होतं. मेणबत्ती सायमननं आणि गर्दीतल्या एका दणकट गड्यानं वाहून वर नेली. वर पोचल्यावर अंबादासच्या पुढ्यात उभी केली तेव्हा कळलं की ती धरायला दोन्ही हात लागतात. मेण कमी घातलं नव्हतं आम्ही. त्यानं एकदा मेणबत्तीकडे बघितलं, एकदा कुबडीकडे, आणि कुबडी आईच्या हातात दिली.

फादर लांब काठीला पेटती मेणवात बांधून आले आणि टोकाची गाठ पेटवली. ज्योत त्याच्या डोक्याच्या वर होती. प्रार्थना सुरू झाली. लोक माउलीकडे बघत होते, मी डाव्या बुटाकडे. बूट एकदा थरथरला, मग स्थिर झाला. प्रार्थना त्या दिवशी लांबली, की मला वाटली, कोण जाणे. आमेन झालं, त्यानं स्वतःच चार पावलं टाकून मेणबत्ती वाळूच्या घंगाळात रोवली. सायमननं माझा हात धरला होता हे मला तेव्हा कळलं.

दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन सगळे परत निघालो. पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन अंबादासनं सवयीनं हात बाजूला केला.

"आई, कुबडी?"

"दिली."

"कुनाला दिली?"

"माउलीला. तिच्या पायापाशी ठिवली." ठकूबाई खाली बघत होत्या, पण आवाज ठाम होता.

"तिचे दोनी पाय धड हायत. तिला काय करायचीय कुबडी?"

"मंग तुला तरी काय करायचीय?"

त्यानं परत चर्चच्या दाराकडे बघितलं. तिथून यात्रेकरूंची रीघ येत होती, आत जाणं सोपं नव्हतं. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्या पायरीवर डावा बूट टेकवला आणि बोलायला सुरुवात केली. या पायऱ्या कुठल्या गवंड्यानं बांधल्यात, एक उंच एक ठेंगणी. पट्टा मांडीला काचतोय. मेणबत्तीत इतकं मेण कशाला, माणसानं उचलायची का नाही. ती कुबडी सरकारी हाय, उद्या मागितली तर काय सांगू, देवीनं ठेवून घेतली म्हणून? आईला काही इचारायची पद्धतच न्हाई. माझ्या खांद्यावर त्याचं वजन पडत होतं, पायरीगणिक कमी-जास्त होत होतं, आणि तोंड म्हणून थांबत नव्हतं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

ठकूबाई दोन पायऱ्या पुढे चालल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "अहो, फारच बोलतोय हा."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पदर तोंडाला लावला आणि तशाच उतरत म्हणाल्या, "बोलू द्या. लई महिन्यांचं साचलंय."